गोळी चालू आहे तरी सूज का उतरत नाही?

प्रश्न : माझी आई ५२ वर्षांची आहे. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, मनगटं सुजलेली असतात. संधिवाताच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा आणि सोबत थोडं स्टिरॉइड दिलंय. पहिल्या आठवड्यात आई एकदम खुश होती पण स्टिरॉइड कमी केल्यावर आता पाचव्या आठवड्यात परत दुखतंय. शेजारच्या काकू म्हणतात ही कॅन्सरची गोळी आहे, बंद करा, पेनकिलर पुरे. काय करू?

उत्तर : ताई, आपल्या मनाने गोळी बंद करू नका, प्लीज. पहिल्या आठवड्यातला आराम स्टिरॉइडचा होता, मेथोट्रेक्सेटला सूज उतरवायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि तोवर निभावून न्यायला म्हणूनच डॉक्टर स्टिरॉइड देतात. मग तेच का चालू ठेवत नाहीत? १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, त्या काही दिवसांत चालायला लागल्या, १९५० मध्ये हेंच यांना नोबेलही मिळालं, पण लवकरच कळलं की औषध थांबवलं की सूज परत येते आणि जास्त दिवस दिलं तर हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर जाड होतं, सांध्यात पाणी धरतं आणि मग ते अस्तर शेजारची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड कुरतडायला लागतं. पेनकिलरने ठणका जातो, थोडी सूजही उतरते, पण कुरतडणं थांबत नाही, म्हणजे आई म्हणणार बरं वाटतंय आणि आत बोटं वाकडी होत राहणार. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

कॅन्सरमध्ये हेच औषध देतात हे खरं, पण तिथले डोस कितीतरी मोठे असतात. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. चुकून रोज घेतली गेली तर ही गोळी जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फॉलिक अॅसिड सांगितल्याप्रमाणे द्या, रक्ताच्या आणि लिव्हरच्या टेस्ट चुकवू नका. तोंडात फोड, ताप किंवा कोरडा खोकला येऊन दम लागला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. आत्ताच्या दुखण्याचंही त्यांना कळवा, स्टिरॉइड किती वेगाने कमी करायचं ते तेच ठरवतील.

तीन महिन्यांनीही सूज राहिली तर डोस वाढवतात, गोळीऐवजी इंजेक्शन देतात किंवा सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड अशी दुसरी औषधं जोडतात. त्यानेही नाही भागलं तर बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा ठराविक भाग दाबणारी) आहेत, पण त्याआधी टीबीची तपासणी करतात कारण या इंजेक्शनांनी शरीरात दबून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो. आईला किंवा घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल तर पुढच्या व्हिजिटला आठवणीने सांगा.