मैदानातली मैफल आणि कान

प्रश्न : मैत्रिणीबरोबर खुल्या मैदानावरील रॉक मैफलीला जाणार आहे. मागच्या वेळी ध्वनिक्षेपकांसमोर उभे राहिल्याने माझ्या कानांत दुसऱ्या दिवसापर्यंत गुणगुण होत होती. पण उघड्यावर आवाज विरून जातो, असे तिचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?

उत्तर : अर्धेच. भिंती नसल्याने आवाज घुमत नाही आणि अंतर दुप्पट केल्यास पातळी साधारण ६ डेसिबलपर्यंत उतरते. परंतु हा लाभ मागे सरकणाऱ्यालाच मिळतो. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसण्याजोगा मानला, तर दर ३ डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. गुणगुण ही आंतरकर्णातील केशपेशींवर (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशींवर) ताण आल्याची खूण असू शकते, आणि माणसात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत, म्हणून ती कृपया हसण्यावारी नेऊ नका. फोमच्या इअरप्लगने उंच पट्टीचे स्वर अधिक दबतात व गिटार बोथट वाटते. संगीतासाठी बनवलेले, गाळणी असलेले इअरप्लग मात्र सर्व स्वर जवळपास सारखेच उतरवतात. मैत्रिणीसाठीही एक जोडी न्या, आणि मधूनमधून दोघी मागे, शांत जागी जाऊन बसा.