कांद्याने 'अश्रू' येतात का? आणि मग 'अश्रुधूर' कसा?

एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. पाचवीतल्या मुलानं आईवरच्या निबंधात लिहिलं, 'कांदा चिरताना आईच्या डोळ्यांतून अश्रू येतात.' बाईंना वाक्य खटकलं, पण नेमकं का ते सांगता येईना. शिवाय त्यांची शंका अशी, की कांद्याने अश्रू येत नसतील तर 'अश्रुधूर' हा शब्द कसा चालतो? त्या धुरानं काही कुणाला दुःख होत नाही.

खटकणं अगदी रास्त आहे. मराठीत कांद्याने 'पाणी' येतं. अश्रू यायला मनात काहीतरी हलावं लागतं: दुःख, आनंद, पश्चात्ताप, कृतज्ञता. डोळ्यांतला द्रव तोच, पण तो कशानं आला यावर आपण शब्द निवडतो.

फरक नुसता शब्दाचा नाही, त्यामागच्या क्रियापदाचाही आहे. अश्रू आपण ढाळतो, गाळतो. पाणी 'ढाळलं' असं कुणी डोळ्यांबाबत म्हणत नाही. ते येतं, भरतं, वाहतं आणि कधी कधी खळता खळत नाही. एकाला कर्ता लागतो, दुसरं आपसूक घडतं. अश्रू मोजताही येतात. 'दोन अश्रू ढाळले', 'चार टिपं गाळली' हे चालतं. कांद्याच्या पाण्याला अशी गणती नाही.

त्याहून बारीक काम विभक्तिप्रत्यय करतात. 'डोळ्यांत पाणी आलं' आणि 'डोळ्यांतून पाणी येतं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. आजीला मोतीबिंदूच्या तपासणीला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांतून पाणी येतं का? की चिपडं येतात?" आजी म्हणाली, "पाणी येतं हो सारखं." 'त'च्या जागी 'तून' आलं आणि ती तक्रार झाली, दुखण्याचं लक्षण झालं. घरी परतताना तिच्या भावाचा फोन आला आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी डोळ्यांत उभं राहतं, बाहेर पडेलच असं नाही. तेच डोळे आणि तीच दुपार, पण दुसऱ्या वेळी कुणीही 'डोळ्यांतून पाणी येतंय' म्हटलं नसतं. ('डोळे येणे' तर तिसरंच, ती साथ!)

'पाणावणे' हे क्रियापद मला फार आवडतं. पाण्यापासून झालेलं असूनही ते जवळजवळ पूर्ण भावनेच्या बाजूला गेलं आहे. 'मुलीला निरोप देताना वडिलांचे डोळे पाणावले' हे सहज येतं, 'कांद्याने डोळे पाणावले' हे कानाला लागतं. 'डोळे भरून येणे'ही तसंच. कांदा डोळ्यांना झोंबतो, धुरानं डोळे चुरचुरतात, सर्दीत डोळे गळतात.

'पाणी' मात्र दोन्हीकडे चालतं, आणि वर्तमानपत्रं त्याचा पुरेपूर उपयोग करतात. कांदा महागला की तो ग्राहकाच्या डोळ्यांत पाणी आणतो आणि लासलगावच्या बाजारात भाव कोसळले की शेतकऱ्याच्या. या वाक्यात 'अश्रू' घालून बघा. दुःख उरतं, पण कांदा निघून जातो.

आता शरीर काय करतं ते पाहू. डोळ्यांत ओलावा कायमच असतो. पापणी मिटली की तो बुबुळावर सारखा पसरतो. वरच्या पापणीआड, बाहेरच्या कोपऱ्याकडे अश्रुग्रंथी असते. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगळी राहणारी द्रव्यं एकत्र येतात आणि गंधक असलेली एक वाफ तयार होते. ती तयार करणारं खास विकर (एन्झाइम) जपानी संशोधकांनी 2002 मध्ये शोधून काढलं. वाफ डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळते, तिथल्या मज्जातंतूंना झोंबते आणि मेंदू ग्रंथीला धुवून काढायचा हुकूम देतो. रडताना हुकूम मेंदूच्या वेगळ्या भागातून निघतो, पण ग्रंथी तीच. नाकाकडच्या कोपऱ्यात, पापण्यांच्या कडेला बारीक छिद्रं असतात; तिथून हे पाणी नाकात उतरतं. म्हणून रडणाऱ्याचं नाक वाहतं आणि डोळ्यांत टाकलेलं औषध थोड्या वेळानं घशात कडू लागतं.

तान्ह्या बाळाबद्दल 'एवढं रडतंय, पण डोळ्याला टिपूस नाही' असं घरोघरी म्हणतात. ते खरंच असतं. पहिले काही आठवडे रडणं असतं, पण गालावर ओघळण्याइतकं पाणी तयार होत नाही.

ग्रंथी एकच आहे, म्हणून तिला नाव देताना शास्त्रीय मराठीनं 'अश्रू' घेतला आणि त्यातली भावना बाजूला ठेवली. परिभाषेत हे चालतं, चालायलाच हवं. 'अश्रुधूर' त्याच वाटेनं आला. या शब्दाची बाजू मला मनापासून घ्यावीशी वाटते, ती त्यातल्या 'धूर'साठी. हिंदीत 'आँसू गैस' म्हणतात. पण यात सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ, ज्याला तो शोधणाऱ्या दोघा रसायनशास्त्रज्ञांच्या आडनावांवरून 'सीएस' म्हणतात, तो मुळात वायू नाहीच. साध्या तापमानाला ती घन भुकटी असते, नळकांड्यातून तिचे सूक्ष्म कण धुरासारखे पसरतात. आपल्याकडच्या पोलिसी इंग्रजीतही 'टिअर स्मोक' रूढ आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा जो कारखाना हा माल बनवतो, त्याचं नावच टिअर स्मोक युनिट. म्हणजे 'धूर' हाच शब्द वस्तूला धरून आहे.

जाता जाता 'आसू'विषयी. संस्कृत 'अश्रु'चं प्राकृतात 'अंसु' झालं, त्यातून आपला 'आसू' आला. गळू-गळवं तसं आसू-आसवं. बोलण्यात एकवचन आता क्वचितच कानी पडतं, 'आसवं' मात्र टिकून आहे. 'आसू' नपुंसकलिंगी, 'अश्रू' पुल्लिंगी, म्हणून 'आसवं ओघळली' पण 'अश्रू ओघळले'. संस्कृतात 'अश्रु' नपुंसकलिंगी होता; मराठीत येताना त्याचं लिंग बदललं, त्याच्या घरगुती भावंडानं मात्र जुनं राखलं.

लेखनाचं एक सांगायला हवं, कारण बातम्यांत ही चूक रोज दिसते. सुटा शब्द 'अश्रू', दीर्घ. समासात मूळ ऱ्हस्व परत येतो: अश्रुधूर, अश्रुपात, अश्रुग्रंथी. गुरू-गुरुदक्षिणा, कवी-कविमन यांच्यासारखंच. 'अश्रूधूर' चूक. सामान्यरूपात पुन्हा दीर्घ: अश्रूंचा, अश्रूंनी.

बाईंनी त्या मुलाच्या वाक्याला लाल फुली मारू नये असं मला वाटतं. व्याकरण बरोबर आहे, शास्त्राच्या वहीत ते वाक्य तसंच चाललंही असतं. वहीच्या कडेच्या समासात 'डोळ्यांत पाणी येतं' एवढं लिहावं, आणि घरी आई काय म्हणते ते विचारून यायला सांगावं.