नव्यानं शिकवायला लागलात? मग आधी एवढं बघा

मुलाची बुद्धी ओळखायची कशी, असं विचारलंत. ओळखायची घाईच नको. ‘हा हुशार, तो ढ’ अशी वाटणी पहिल्याच आठवड्यात मीही करून मोकळा व्हायचो.

माझी एक विद्यार्थिनी अपूर्णांकांत हमखास चुकायची. एकदा तिची खोडलेली गणितं नीट पाहिली. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. सगळीकडे वरच्यात वरचा, खालच्यात खालचा मिळवलेला. म्हणजे डोकं चालत होतं, नियम तेवढा चुकीचा. कागदाच्या पट्ट्या दुमडून दाखवल्या, तर तीच म्हणाली, “अर्ध्यात मिळवून अर्ध्याहून कमी कसं आलं?”

सुरुवातीला दोनच गोष्टी:

- उत्तर तपासण्याआधी ‘कसं केलंस?’ विचारा.
- ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा नेमकं काय जमलं ते सांगा. नुसतं ‘प्रयत्न कर’ही नको, रीत चुकीची असेल तर सरावानं चूकच पक्की होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला, म्हणजे बुद्धी एकच नसते, भाषेची, गणिताची, संगीताची अशी वेगवेगळी असते. तो वाचून नवखे लोक ‘हा संगीतवाला, ती गणितवाली’ अशी नवी लेबलं चिकटवतात. तेही ढच म्हणणं, जरा गोड शब्दांत. सिद्धांतावरचे वाद तूर्त बाजूला ठेवा.

आणि बुद्ध्यंकाचा, म्हणजे चाचणीतून निघणाऱ्या बुद्धीच्या आकड्याचा (आयक्यू), धसका घेऊ नका. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये सहकाऱ्यासोबत बुद्धीची चाचणी तयार केली ती जादा मदत कुणाला लागेल हे शोधायला. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे त्यांना मान्य नव्हतं.

महिनाभर मुलांच्या रीती वहीत टिपा, मग पुढचं बोलू.