'क्लिनिकल'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्या एका रुग्णालयाच्या संशोधन विभागासाठी रुग्णांच्या संमतीपत्रांचं मराठी भाषांतर करतात. जुन्या मसुद्यांत 'क्लिनिकल ट्रायल'साठी, म्हणजे नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीसाठी, एका ठिकाणी 'नैदानिक चाचणी', दुसऱ्या ठिकाणी 'चिकित्सालयीन चाचणी' आणि तिसऱ्या ठिकाणी 'वैद्यकीय परीक्षण' असं त्यांना आढळलं. यातलं बरोबर कोणतं, असं त्या विचारतात. 'केस रिपोर्ट'ला 'प्रकरण अहवाल' चालेल का, आणि 'रँडमाइज्ड'साठी 'यादृच्छिक' सोडून दुसरा शब्द आहे का, असेही दोन प्रश्न सोबत आहेत.

उत्तर आधी सांगतो. संमतीपत्रात 'नैदानिक' अजिबात लिहू नका. 'चिकित्सालयीन' चुकीचा नाही, पण तिथे तो रुग्णाच्या उपयोगाचा नाही. आणि 'क्लिनिकल'साठी सगळीकडे चालेल असा एकच मराठी शब्द नाही. तसा एक शब्द हवाच या हट्टापायी हे कागद वाचवेनासे होतात. आता कारणं.

'नैदानिक' आपल्याकडे हिंदीतून आला. तिथे 'नैदानिक परीक्षण' रूढ आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मराठी माणूस 'निदान' हा शब्द रोज दोन अर्थांनी वापरतो. एक, 'डॉक्टरांनी टायफॉइडचं निदान केलं' यातला. दुसरा, 'जेवत नाहीस तर निदान चहा तरी घे' यातला. दुसऱ्या अर्थाचा इथे संबंध नाही, पण पहिल्याचा चांगलाच आहे. 'नैदानिक चाचणी' वाचल्यावर रुग्णाला काय कळेल? रोगाचं निदान करण्यासाठीची चाचणी. म्हणजे रक्त, लघवी, एक्स-रे. आपल्याला काय झालंय ते शोधणार आहेत अशा समजुतीनं तो सही करेल, आणि प्रत्यक्षात ती सही नव्या औषधाच्या प्रयोगात सामील होण्यासाठीची असेल. भाषांतरातली चूक इतकी महागात पडण्याच्या जागा फार थोड्या असतात, आणि ही त्यातली एक आहे. शिवाय 'क्लिनिकल डायग्नोसिस'चं काय करणार? 'नैदानिक निदान'?

आयुर्वेदात 'निदान'चा मूळ अर्थ आणखी वेगळा आहे. रोग ओळखण्याची पाच साधनं सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातलं निदान म्हणजे रोगाचं कारण. यातला 'उपशय' मला फार मोलाचा वाटतो. रोग नक्की कोणता ते ठरत नसेल तर एखादं औषध, आहार किंवा उपचार देऊन पाहायचा आणि आराम पडतो की त्रास वाढतो यावरून रोग ओळखायचा. सांधे दुखत असताना तेल चोळून बरं वाटलं तर संधिवात, दुखणं वाढलं तर आमवात, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. 'देऊन पाहणे' ही कल्पना आपल्या वैद्यकात अशी नाव घेऊन बसलेली आहे. मात्र ट्रायलला 'उपशय' म्हणता येणार नाही, कारण दिशा उलटी आहे. उपशयात औषधाचा गुण माहीत असतो आणि रोग ओळखायचा असतो. ट्रायलमध्ये रोग माहीत असतो आणि औषधाचा गुण ओळखायचा असतो.

आता मूळ शब्दाकडे. ग्रीक भाषेत 'क्लिनी' म्हणजे खाट, बिछाना. त्यावरून 'क्लिनिकोस', म्हणजे खाटेवरच्या आजाऱ्याला पाहणारा वैद्य. त्यामागचा धातू टेकणे, कलणे या अर्थाचा आहे आणि त्याचा संस्कृतातला भाऊबंद 'श्रि' हा आहे, ज्यावरून आपला 'आश्रय' झाला. क्लिनिक आणि आश्रय अशी एका कुळातली निघतात. मराठीत आज 'क्लिनिक' म्हणजे ज्या दवाखान्यात सहसा एकही खाट नसते असा दवाखाना, आणि मोठं रुग्णालय मात्र आपण खाटांनीच मोजतो: शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, पाचशे खाटांचं जिल्हा रुग्णालय.

तेव्हा 'क्लिनिकल'चा गाभा असा: रुग्णाच्या खाटेशी बसून, डोळ्यांनी पाहून, हातानं तपासून, त्याचं ऐकून जे कळतं ते. प्रयोगशाळेतून किंवा यंत्रातून जे कळतं ते त्याच्या पलीकडचं. याचं आपल्या मातीतलं उदाहरण महाडचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. यंत्रं हाताशी नव्हती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी केल्या. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आणि मग फुप्फुसांत पाणी साचून लागणारी धाप. यातली सुरुवातीची लक्षणं पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना देतात, हे त्यांचं निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नंतर रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरात आणलं. पुढे २०११मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची रीतसर ट्रायल आली. त्यात ७० रुग्ण होते. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन दिलं, निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ होते, पहिल्या गटात ३५ पैकी ८.

या एका कामात 'क्लिनिकल' दोन अर्थांनी येतो. १९८२च्या लेखात तो 'लक्षणांवरून दिसणारं' असा आहे, २०११च्या लेखात 'रुग्णांवर केलेली' असा. पहिल्यासाठी 'लक्षणांवरून केलेलं निदान' आणि दुसऱ्यासाठी 'रुग्णांवरील चाचणी' असं लिहिलं तर दोन्ही जागी अर्थ स्वच्छ राहतो. 'नैदानिक' किंवा 'चिकित्सालयीन' यांपैकी एकच शब्द दोन्हीकडे चिकटवला तर एका जागी तरी घोटाळा होणारच.

मग सगळीकडे 'रुग्ण' लावून मोकळं व्हावं का? तेही जमत नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी, उरलेल्यांत सुरुवातीला एकदा जनजागृती. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते. या तपासणीचं इंग्रजी नाव 'क्लिनिकल ब्रेस्ट एक्झामिनेशन'. तपासणाऱ्या होत्या प्रशिक्षित आरोग्यसेविका, तपासणी रुग्णालयात नव्हे तर वस्तीत, आणि समोरच्या बायका आजारी नव्हत्या. म्हणजे 'चिकित्सालयीन' गेला आणि 'रुग्ण'ही गेला. उरतं ते मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) यंत्र न वापरता केलेली 'हातानं तपासणी'. माझ्या मते मराठीत तेच लिहावं. वस्तीतल्या बाईला त्यात एक अक्षरही समजावून सांगावं लागत नाही. औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्याही बहुतेक वेळा निरोगी स्वयंसेवकांवर होतात, तिथेही 'रुग्ण' अडतो.

'चिकित्सालयीन'मधल्या 'चिकित्से'बद्दल थोडं सविस्तर, कारण हा शब्द मराठीत फार सुंदर वाढला आहे. 'कित्' धातूपासून तो झाला. पाणिनीनं गुप्, तिज् आणि कित् असे तीन धातू एका सूत्रात घेतले आहेत, त्यांपासून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. रूप 'इच्छा' दाखवणाऱ्या शब्दांसारखं, जिज्ञासेसारखं. पण अर्थ इच्छेचा नाही. इथे तो रोगाचा प्रतिकार. आणि 'विचिकित्सा' म्हणजे शंका. मराठीनं या दोन्हींची सांगड घातली. आपल्याकडे 'जिल्हा शल्यचिकित्सक' हे पद आहे, आणि 'चिकित्सक वाचक' म्हटलं की डॉक्टर कुणालाही आठवत नाही, बारकाईनं तपासून पाहणारा माणूस आठवतो. 'उगाच फार चिकित्सा करू नकोस' यातली चिकित्सा तीच. हिंदीत 'चिकित्सक' म्हणजे मुख्यतः डॉक्टर. म्हणून हिंदीवरून मराठी करताना हा शब्द जसाच्या तसा उचलला की वाक्य वाकडं होतं. जाता जाता, 'शुश्रूषा'सुद्धा याच घडणीची: 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्यावरून ऐकण्याची इच्छा, आणि त्यावरून सेवा. आजाऱ्याची सेवा त्याचं ऐकण्यापासून सुरू होते असं भाषेला वाटलं, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आलं आहे.

विद्यापीठांत 'चिकित्सालयीन मानसशास्त्र' रूढ आहे, ते राहू द्यावं. शाळेच्या विज्ञानात 'क्लिनिकल थर्मामीटर'ला 'वैद्यकीय तापमापी' म्हणतात, तेही उत्तम. शास्त्राच्या पुस्तकात, जिथे वाचणारा शिकायला बसलेला आहे, तिथे असे शब्द शोभतात. संमतीपत्र वाचणारा शिकायला बसलेला नसतो. तो दुखण्यानं बेजार असतो, सोबतच्या नातेवाइकाला कामावर परतायची घाई असते, आणि सही करण्यापुरता कागद त्यांच्या हातात असतो. २०१९च्या औषधचाचणी नियमांतही माहिती तांत्रिक नसलेल्या आणि सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी असं बजावलं आहे. 'नैदानिक' लिहिणं हे त्या अटीत बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

'ट्रायल'चं आता. 'परीक्षण' मराठीत पुस्तकाचं होतं, नाट्यस्पर्धेचं होतं, औषधाचं होत नाही. 'चाचणी' योग्य आहे, पण एकटी ठेवू नये, कारण रक्तचाचणीनं ती जागा आधीच व्यापली आहे. नुसतं 'तुमची चाचणी करायची आहे' म्हटलं तर माणूस बाही वर सारेल. चाचणी त्याची नसून औषधाची आहे, हे वाक्यातच यायला हवं. इथे मराठी वर्तमानपत्रांनी एक चांगलं काम करून ठेवलं आहे. २०२०मध्ये करोनाच्या लसी तयार होत असताना, पुण्यात कोविशिल्डच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा, बातम्यांतून 'मानवी चाचणी' हा शब्द घराघरांत गेला. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीनं 'माणसांवरील चाचणी' जास्त बरोबर, पण 'मानवी चाचणी' लोकांनी पचवला आहे. ताई, मी आपल्या जागी असतो तर शीर्षकात 'औषधाची मानवी चाचणी' लिहिलं असतं आणि लगेच खाली दोन वाक्यं: 'हे औषध नवीन आहे. ते किती गुणकारी आणि किती सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी हा अभ्यास आहे.' पुढे सगळीकडे 'हा अभ्यास' म्हटलं तरी चालेल.

'प्रकरण अहवाल' मात्र नको. मराठीत 'प्रकरण' म्हणजे एक तर पुस्तकातला भाग, नाहीतर कचेरीतली फाइल, नाहीतर भानगड. एखाद्या बाईच्या आजाराच्या नोंदीला 'प्रकरण' म्हटलं तर तिला ते कसं वाटेल याचा विचार करा. डॉक्टरांसाठीच्या लेखात 'रुग्णवृत्तांत' चांगला. अशा वृत्तांतांचं मोल मोठं आहे. १९८१च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्युमोनियाचा छोटासा वृत्तांत छापून आला, आणि एड्सची पहिली अधिकृत नोंद म्हणून तोच ओळखला जातो. रुग्णाची परवानगी मागताना मात्र 'तुमच्या आजाराची माहिती नाव न देता वैद्यकीय मासिकात छापायची आहे' एवढं म्हणावं. 'केस' हा शब्दही मराठीतून हाकलायचं कारण नाही. केसपेपर काढल्याशिवाय आपल्याकडे कुठलाही सरकारी दवाखाना सुरू होत नाही.

शेवटचा 'यादृच्छिक', म्हणजे 'रँडमाइज्ड': कोण कुठल्या औषधाच्या गटात जाणार हे योगायोगावर सोडलेलं. याचं मूळ 'यदृच्छा', म्हणजे योगायोग. गीतेतल्या 'यदृच्छालाभसंतुष्ट'मध्ये तीच आहे: आपसूक जे मिळेल त्यात समाधानी. शब्द अस्सल आहे, संख्याशास्त्राच्या पुस्तकात अवश्य वापरावा. पण सामान्य वाचकाच्या कानाला त्यात 'इच्छा' ऐकू येते, 'यथेच्छ'ची आठवण होते, आणि अर्थ थेट उलटा होतो. 'यादृच्छिक पद्धतीने गट ठरवला जाईल' म्हणजे कुणाच्या तरी मर्जीनं ठरेल, असा समज होऊ शकतो. नेमकी मर्जीच तर इथे बाजूला ठेवलेली असते.

त्यासाठी आपल्याकडे 'चिठ्ठ्या टाकणे' आहे, आणि ते ढोबळ आहे असं समजू नये. १९४८मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली ट्रायल प्रसिद्ध झाली. त्यात १०७ रुग्ण होते, ५५ जणांना औषध आणि ५२ जणांना फक्त विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांवर आधीच लिहून ठेवलेलं होतं, पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरांनाही ते माहीत नसे. आज पाकिटाऐवजी बहुतेक ठिकाणी संगणक आहे. तेव्हा असं लिहा: 'तुम्हाला नवीन औषध मिळेल की नेहमीचं, हे चिठ्ठी टाकून ठरवतात तसं संगणकावर ठरेल. ते तुमच्या डॉक्टरांच्या हातात नसेल आणि तुमच्याही.'