तरुण संघाची जबाबदारी नव्याने घेतलेल्या मित्राला

सलाम. चर्चच्या तरुण संघाचं काम हाती घेतलंस, फार बरं वाटलं. माझी पंधरा वर्षं यात गेली, म्हणून मनापासून सांगतो.

आल्याआल्या गिटार-ड्रम आणून उपासना बदलायला जाऊ नकोस. पोरं जुन्या गाण्यांमुळे तुटत नाहीत. बारावीनंतर ती पुण्या-मुंबईला जातात आणि चर्चच्या मंडळीतून त्यांना एक फोनही जात नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, "दादा, नोकरी गेली तेव्हा कुणी विचारलं नाही, लग्नाचं मात्र सगळेच विचारतात." ते अजून टोचतं.

म्हणून आधी एक वही कर. बाहेरगावच्या प्रत्येकाचं नाव लिही, त्यापुढे एका वडीलधाऱ्याचं. महिन्यातून एक फोन, उपदेश अजिबात नको.

नव्या गाण्यांवरून ज्येष्ठ नाराज झाले तर वाद घालू नकोस. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, तेव्हा तेही नवंच होतं की! आम्ही त्यांचंच एक भजन बसवलं. पेटीवर एक आजी, शेजारी गिटार घेतलेला कॉलेजचा मुलगा. त्याची घाई झाली की आजी त्याच्या मनगटावर हात ठेवायच्या, "इथं थांब, शब्द पोचू दे." पुढच्या रविवारी तो स्वतःहून त्यांना आणायला घरी गेला.

आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या कमिटीत एक तरी तरुण घ्यायला लाव. खुर्च्या मांडायला नव्हे, हिशेब बघायला आणि मत द्यायला.