एरियल्स नंतर, आधी गुडघे सोड

प्रिय पोरी,

मालवणात बसून यूट्यूबवर लिंडी हॉप, म्हणजे स्विंग संगीतावरचा जोडीचा नाच, शिकतेयस हे वाचून भारी वाटलं, पण पहिल्याच आठवड्यात त्या हवेतल्या उड्या, म्हणजे एरियल्स, कशा मारायच्या विचारतेयस म्हणून जरा लांबण लावते. हा नाच जिथे वाढला तो सॅव्हॉय बॉलरूम न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ ला सुरू झाला, तिथे काळे-गोरे एकाच फ्लोअरवर नाचायचे, आणि तिथल्याच फ्रँकी मॅनिंगने पहिली एरियल केली ती १९३५ मध्ये, तोवर तो चांगला मुरलेला डान्सर होता. शिवाय सोशल डान्सच्या गर्दीत एरियल्स करतच नाहीत, कुणाचं तरी थोबाड फुटेल. सो तो विषय आत्ता बंद.

आधी पल्स. गुडघे सैल सोडायचे आणि दर बीटला खाली, जमिनीकडे जायचं, वर उसळायचं नाही. जॅझवाल्या काउंट बेसीचं एखादं संथ गाणं लाव आणि भांडी घासताना, एसटीची वाट बघताना करत बस, लोक बघतील, बघू देत. ते अंगात भिनलं की सिक्स काउंट, म्हणजे सहा बीटची स्टेप घे, रॉक स्टेप (एक पाय मागे टाकून परत पुढच्या पायावर यायचं) आणि मग दोन ट्रिपल स्टेप, ट्रिपल म्हणजे दोन बीटमध्ये तीन पावलं. गाणं आठ-आठ बीटने चालतं आणि तुझे पाय सहाने, त्यामुळे सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल पण चुकलेलं नसतं, चोवीस बीटनंतर दोघं परत एकत्र येतात.

आता कनेक्शन, यातच सगळी मजा आहे. गौरीत फुगडी घालतेस ना, तिथे हात ताणले जातात पण हाताने कुणी ओढत नाही, अंगाचं वजन ओढतं, स्विंगआउट या लिंडीच्या मुख्य स्टेपमध्ये दोघं लांब जातात तेव्हा तेच, फक्त फुगडीएवढं मागे लवंडायचं नाही, समोरच्याने हात सोडला तरी स्वतःच्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे. कोपर पाठीमागे जाऊ देऊ नकोस, अंगठ्याने बोटं आवळू नकोस. फॉलो करताना, म्हणजे समोरच्याच्या इशाऱ्यावर नाचताना, पुढची स्टेप ओळखून आधीच पळायचं नाही (तू पळणार, मला माहितीय) आणि लीड करताना, म्हणजे इशारा देताना, हाताने ढकलण्यापेक्षा आधी स्वतः हलायचं.

पार्टनर नाही म्हणतेस तर आतेबहिणीला धर, दोघी आलटून पालटून लीड-फॉलो करा, तसंही दोन्ही आलेलंच बरं.

आणि जांभ्याच्या खळ्यात रबरी सोलचे शूज घालून गिरक्या घ्यायच्या नाहीत, पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. घरातल्या लादीवर कर, पण आधी झाडून घे, वाळूवरून सटकशील. आपल्याकडच्या घामाचं तर विचारूच नकोस, जास्तीचा टीशर्ट आणि नॅपकिन ठेवायचाच. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला येशील तेव्हा मला फक्त रॉक स्टेप आणि ट्रिपल दाखव, अख्खं एक गाणंभर, न थांबता.

तुझी मावशी