चार वर्षं कुठल्या दिवसापासून?

मिरज

प्रिय बाळ,

मुस्लिम कायद्यावरचा तुझा निबंध वाचला. मांडणी नेटकी आहे. पण तर्क एका खोलीत आणि अनुभव दुसऱ्या खोलीत बसवलास, मधलं दारच ठेवलं नाहीस.

गर्भाच्या मुदतीचं बघ. किमान मुदत सहा महिने, हा निव्वळ तर्क. कुराणात एके ठिकाणी (४६:१५) पोटात वागवणं आणि दूध तोडणं मिळून तीस महिने सांगितलेत, दुसरीकडं (३१:१४) दूध तोडायला दोन वर्षं. तीसातून चोवीस वजा. वजाबाकी कुणालाही येते. या दोन आयती शेजारी ठेवायचं सुचलं, ती खरी बुद्धी.

कमाल मुदत मात्र अशी निघेना. मुस्लिम कायद्याच्या पंथांपैकी हनफी दोन वर्षं म्हणाले, शाफई चार, मालिकींत पाच किंवा त्याहून जास्त. हसू नकोस. या आकड्यावर पोराचं बापाचं नाव, वारसा, विधवेची अब्रू ठरायची. लांब मुदतीनं कितीतरी बायका वाचल्या असतील. तरीही इब्न रुश्दनं (११२६–११९८) ‘बिदायतुल मुज्तहिद’ या कायद्यावरच्या ग्रंथात सगळी मतं मांडून सांगितलं, की हा प्रश्न रिवाजाकडं आणि अनुभवाकडं न्यावा, निवाडा नेहमी घडतं त्यावर व्हावा, क्वचित घडतं त्यावर नाही. हा माणूस काझी होता आणि वैद्यही.

आता माझी फजिती ऐक. वकिलीच्या सुरुवातीला तासगावकडची एक बाई आली. नवरा बेपत्ता. मी तिला ऐकवलं, की जुन्या हनफी मतानं दुसऱ्या लग्नासाठी नवऱ्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत थांबावं लागायचं, मालिकी मतानं चार वर्षं, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानं घटस्फोटासाठी हीच चार वर्षं घेतली. तिनं शांतपणे विचारलं, “चार वर्षं कुठल्या दिवसापासून, वकीलसाहेब? घरातनं गेला तेव्हापासून, का मनीऑर्डर थांबली तेव्हापासून?”

मी गप्प. कायद्याचे शब्द ‘ठावठिकाणा कळलेला नाही’ असे आहेत, म्हणजे शेवटची खबर लागली तिथपासून. ते मी पाठ केलेलं होतं, समजलेलं नव्हतं. घटस्फोटाचा हुकूम झाला तरी सहा महिने लागू होत नाही, ही अटही त्या दिवशी कळली. गेलेली माणसं कधीकधी परत येतात, हे कायदा लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं होतं.

आपल्या सतारमेकर गल्लीत सतारीची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा सूर खुलवताना, बघितलंयस का? कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मापं पाठ असलेला कारागीरही ऐकल्याशिवाय पुढं जात नाही.

तिसरं प्रकरण अजून लिहू नकोस. दोन-तीन दिवस कोर्टाबाहेरच्या टायपिस्टशेजारी बस. अर्ज सांगताना बायका तारखा कशावरनं आठवतात, ते टिपून घे: उरूस, पेरणी, थोरल्याचं बारसं. रविवारी वही घेऊन ये. चहा माझ्याकडं.

तुझा,
वकीलचाचा